कीबोर्ड माझ्या पुढ्यात

आठवडाभर ती राग गिळत होती. राग काही गोड नसतो, पण गिळण्यावाचून गत नव्हती, कारण तिला ती नोकरी हवी होती.

ती गाडी चालवायला शिकवायची. ऐन उमेदीची वर्षं तिनं शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर काढली होती. शिकणारे तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. तिच्या बाजूला वेगळा ब्रेक होता आणि तिचा पाय सदा त्याच्यावर तरंगत असायचा, झऱ्यावरच्या चतुरासारखा. त्या तरंगण्यानंच गुडघ्याचा घात केला. डॉक्टर म्हणाले, बसून करायचं काम बघा. ती म्हणाली, मी काय उभी राहून शिकवते? पण घरी येऊन तिनं खरंच बघायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्यांच्या साथीनं, ती प्रोग्रॅमिंग शिकली. चुकली, रडली, परत बसली. पहिल्यांदा स्क्रीनवर तिचं स्वतःचं बटण उमटलं आणि दाबल्यावर हललं, तेव्हा तिनं नवऱ्याला अंघोळीतून हाका मारून बाहेर काढलं होतं. तो टॉवेल सावरत म्हणाला, "एवढंसं बटण?" ती म्हणाली, "एवढंसं, पण माझं."

नणंद एका सॉफ्टवेअर कंपनीत माणसं नेमायचं काम बघायची. तिनं शब्द टाकला. "वहिनी, एक आठवडा येऊन बस. शुक्रवारी गुरुजी हो म्हणाले, की जागा तुझी. आणि माझी अब्रू सांभाळ गं बाई."

गुरुजी म्हणजे नव्यांना तयार करणारा मुलगा. वयानं तिच्या धाकट्या दिराहून लहान, बोलायला गोड, हुशारी चेहऱ्यावरून ओसंडणारी. वाईट म्हणावा असा मुळीच नव्हता. पण तिची बोटं कीबोर्डवर टेकली रे टेकली, की त्याचा हात यायचाच.

"एक मिनिट हं, ताई."

टकटक, टकटक, आणि कीबोर्ड त्याच्या पुढ्यात. "झालं बघा!"

काय झालं? कसं झालं? पोळी लाटायला घ्यावी आणि कुणी हातातून लाटणं काढून घ्यावं, वर म्हणावं, बघा किती गोल. सोमवारी काढून घेतलं, मंगळवारी काढून घेतलं. बुधवारी तिनं कीबोर्ड दोन्ही हातांनी धरून ठेवला, तर त्यानं दुसरा आणून जोडला. तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ज्याच्या मानेवर घाम फुटलाय, ज्याला क्लच नि ब्रेक एकच वाटतोय, अशा माणसाच्या हातातलं स्टिअरिंगसुद्धा तिनं कधी ओढून घेतलं नव्हतं. गाडी खरंच कुणाच्या अंगावर जाणार असेल, तरच. इथं कोण मरणार होतं? स्क्रीनवर एक लाल ओळ येणार होती, इतकंच.

पण ओठ आवळून ती म्हणायची, "हो का, छान."

शुक्रवारी दुपारी तेच झालं. एका दवाखान्याचं पान होतं, पेशंटनी भेटीची वेळ ठरवायचं. एकच वेळ कधीकधी दोघांना मिळत होती. तिनं कुठे चुकतंय ते शोधायला नुकती सुरुवात केली, तोच हात आला. "एक मिनिट हं, ताई." पण यावेळी त्यालाही लगेच जमेना. सहा वाजले, बाकीचे उठले, आणि गुरुजी लॅपटॉप बगलेत मारून म्हणाला, "चला, शुक्रवारी सगळे बिअर प्यायला जातात. तिथंच तुमचं काय ते बोलू."

तिनं बिअर कधी चाखली नव्हती. कुणी नको म्हटलं म्हणून नव्हे. तिच्या धंद्यात दारूचा वाससुद्धा चालत नाही, आणि मग कधी वेळच आली नाही. आज मात्र ती म्हणाली, बघू तरी.

रस्त्यापलीकडे बैठी जागा, लांब टेबलं, भिंतीला ओळीनं बिअरचे नळ. इतर मंडळी दुसऱ्या टेबलाशी गलका करत बसली. ती, नणंद आणि गुरुजी असे तिघं कोपऱ्यात. वेटरनं यादी तिच्या हातात दिली. तिनं ती उघडली, तोच—

"नाही नाही, ताई, ते तुम्हाला कळायचं नाही," असं म्हणत गुरुजीनं यादी घेतली. "यांच्यासाठी गव्हाची बिअर आणा. बाटलीतली."

नणंदेनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. म्हणजे गप्प.

बाटली आली, उंच ग्लास आला. सोनेरी, थंड, काचेवर दवाचे थेंब. दिसायला इतकी देखणी, की घटकाभर ती रागसुद्धा विसरली. तिनं बाटली उचलली.

"अहो, तशी नाही!" बाटली तिच्या हातातून गेली. ग्लासही गेला. "असा तिरका धरायचा, हळूच ओतायचं. आता आधी वास घ्या. केळ्यासारखा येतोय ना? लवंगेसारखा? पहिला घोट कडू लागेल, तो मोजू नका. दुसऱ्या घोटाला आवडेल तुम्हाला."

आतून कुठून तरी, जात्यावरच्या ओवीसारखे, शब्द एकाला एक लागून वर आले:

*हातीचं माझ्या बाई, काम हातीच राहू दे*
*चुकेन तर चुकेन, माझं मला पाहू दे.*

"द्या इकडे," ती म्हणाली.

"काय?"

"ती बाटली. द्या म्हणते ना!"

नणंदेचा पाय टेबलाखाली थिजला. ब्रेकबाईनं बाटली घेतली, टेबलावरचा दुसरा कोरडा ग्लास घेतला, सरळ उभा धरला आणि भडाभडा ओतलं. फेस उसळला, काठावरून धावला, टेबलावर पसरला आणि गुरुजीच्या बाहीत शिरला.

"बघा! सांगत होतो मी—"

"सांगत नव्हतात. करत होतात."

तिनं घोट घेतला. डोळे बारीक झाले, नाक आक्रसलं. दुसरा घेतला. तोंडात थोडा वेळ ठेवला, खाली जाऊ दिला.

"कडू आहे," ती म्हणाली. "केळं नाही, लवंग नाही. ओल्या गोणपाटासारखी लागतेय. आणि दुसऱ्या घोटालाही आवडलेली नाही. आवडेल की नाही ते माझी जीभ ठरवील हो! तीसुद्धा तुम्हीच चालवणार का?"

"वहिनी!" नणंद कळवळली.

"थांब गं. नोकरी जायची तर जाऊ दे. आठवडा झाला, मी तिथं बसायला येते का शिकायला? माझ्या गाडीत रडणारे येतात, थरथरणारे येतात. मी ब्रेकवर पाय ठेवते आणि तोंडानं सांगते. स्टिअरिंग त्यांचं. मी हिसकावलं असतं ना, तर आज त्या सगळ्यांना माझी गाडी चालवणं बघता आलं असतं, स्वतःची चालवता आली नसती!"

गुरुजी बाही पिळत बसला. कान लाल झालेले.

"मदतच करत होतो मी," तो म्हणाला.

"काढा ती मदत बाहेर. लॅपटॉप काढा. दवाखान्याचं पान उघडा."

"इथं?"

"इथंच."

त्यानं उघडलं. तिनं फेस पुसला, लॅपटॉप स्वतःपुढे ओढला आणि टाइप करायला लागली. हळू, एकेक अक्षर, कोवळ्या पोरीनं रांगोळीचे ठिपके घालावे तसं. एक ओळ बदलली. पान बंदच पडलं. सगळीकडे लाल. गुरुजीचा हात पुढे आला. तिनं अर्धा भरलेला ग्लास त्याच्या दोन्ही हातांत दिला.

"हे धरा. खाली ठेवायचं नाही."

"अहो, पण ती वरची ओळ—"

"गप्प."

ओळ तिनं परत होती तशी केली. पान सुरू झालं. पुन्हा वाचलं, वरून खाली, खालून वर. चूक काही सापडेना. नणंद नखं कुरतडत होती. गुरुजी ग्लास धरून असा अवघडला होता, जणू कुणाचं तान्हं बाळ सांभाळायला मिळालंय.

"नाही सापडत," शेवटी ती म्हणाली. आवाज अजून तापलेलाच. "आता सांगा. तोंडानं."

"ते... म्हणजे असं बघा..." बोटं ग्लासभोवती चुळबुळली. "ते तिथं आपण... नाही, थांबा. वेळ रिकामी आहे का..." तो अडला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडला. मग एकदम खाली बघून म्हणाला, "मला नाही हो असं सांगता येत. हातांनी करतो तेव्हाच मला कळतं. दुपारी मात्र हातांनीही जमलं नाही."

एवढा हुशार, आणि जिभेला लंगडा. म्हणून धावत होता हात! राग गेला नाही, पण त्याची धार जरा वळली. गाडी पुन्हा पुन्हा बंद पडणाऱ्या माणसाशी ती बोलायची, त्या सुरात ती म्हणाली, "घाई नाही. पहिल्यापासून. पान उघडलं की काय होतं?"

"पान उघडताना आपण बघतो, की ती वेळ रिकामी आहे का."

"बरं. मग?"

"मग पेशंट नाव भरतो, फोन नंबर भरतो. त्यात वेळ जातो. आणि शेवटी तो बटण दाबतो, तेव्हा..." तो थांबला. डोळे मोठे झाले. "तेव्हा आपण पुन्हा बघतच नाही!"

"म्हणजे मधल्या वेळात दुसरा घुसतो."

"घुसतो!"

"आरसा निघताना बघितला, वळताना नाही," ती पुटपुटली आणि बटणाच्या ओळीवर गेली. "मग तपासायचं ते इथं. लिहू का?"

"लिहा. थांबा, हातानं... नाही, सांगतो. सांगतो मी." त्यानं ओठ ओले केले. दोन शब्द सांगितले, ते मागे घेतले, परत सांगितले. ती लिहीत होती, थांबत होती, विचारत होती. त्याच्या हातातल्या ग्लासातला फेस केव्हाच विरला होता.

"सोमवारी जरा लवकर येता का, ताई?" मधेच तो म्हणाला. "असं बोलून सांगायला फार वेळ लागतो."

नणंदेनं टेबलाखालचा पाय अखेर मागे घेतला.

"लागू दे," ब्रेकबाई म्हणाली. "पुढची ओळ बोला."