तीन बोटांचा डोळा

आक्काची बोटं जाड होती. किती जाड, तर तिच्या नवऱ्याने लग्नातली अंगठी सोनाराकडून नव्हे, लोहाराकडून घडवून घेतली असं बंदरावर सांगत. असल्या बोटांनी ही बाई चाळीस वर्षं जाळी विणत होती, आणि इतकी सुबक विणत होती की चेष्टा करणारेही जाळं फाटलं की तिच्याच दारात येत.

तर त्या बंदरावरची मासळी वर्षागणिक आखूड होत चालली होती. बारीक जाळ्यांत बोटभर पिल्लंसुद्धा अडकायची. ती ट्रकात भरून थेट कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात जायची. पिल्लांना कापावं लागत नाही, निवडावं लागत नाही, बर्फात लावावं लागत नाही. त्यामुळे धक्क्यामागच्या शेडमध्ये मासळी साफ करणाऱ्या साठ बायका आठवड्यातले पाच दिवस हातावर हात ठेवून बसत. आक्काची भावजय त्यांतलीच एक. शेडच्या मालकाने शेवटी सांगून टाकलं होतं, दोन हंगाम वाट बघतो, नाहीतर कुलूप लावतो.

मग होडीवाल्यांची सभा झाली. भांडणं झाली, चहा झाला, पुन्हा भांडणं झाली. ठरलं ते असं की जाळ्याचा डोळा, म्हणजे त्यातलं भोक, यापुढे तीन बोटांचा ठेवायचा. पिल्लं निसटू द्यायची, वाढू द्यायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. बंदरावर आजवर सगळं बोटांनीच मोजलं जायचं, त्यामुळे बोटं कुणाची, हे विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

व्हायचं तेच झालं. एका म्हाताऱ्याने मापाला आपली धाकटी सून आणली. तिची तीन बोटं मिळून त्याचं एक व्हायचं. दुसऱ्याने नात आणली. मासेमारी खात्याकडून मापाची पट्टी आली होती, ती पहिल्याच आठवड्यात समुद्रात "पडली". दुसऱ्या सभेत हमरीतुमरीवर प्रकरण आलं, तेव्हा आक्काचा धाकटा भाऊ उठला. तो एका होडीचा तांडेल होता, चार खलाशी त्याच्या हुकमात.

"मग आक्काचीच बोटं धरा की," तो म्हणाला. "तिची तीन म्हणजे आपली पाच."

हशा पिकला, आणि हसता हसता तेच मंजूर झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

तेव्हापासून दर आठवड्याला आक्का धक्क्यावर जाऊन एकेका जाळ्यात बोटं घालू लागली. तिसऱ्या आठवड्यात ती भावाच्या होडीशी आली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. त्याला ताप आला तर अजूनही तिचीच झोप उडायची. डोळे बरोबर होते. बोटं सहज गेली. पण जाळ्याच्या टोकाची पिशवी तिला हाताला जड लागली. तिने आत हात घातला. आतून बारीक जाळ्याचं अस्तर शिवलेलं होतं.

"आक्का," भाऊ तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "रिकामी होडी घेऊन येववत नाही गं. खलाशी सोडून जातील. या एका वेळेला बघू नकोस."

आक्काने वर बघितलं. अकरा तांडेल आपापल्या होड्यांवरून तिच्याकडेच बघत होते. आज भावाला सोडलं तर उद्या प्रत्येक जाळ्यात अस्तर येणार, आणि शेडला कुलूप लागणार. नाही सोडलं तर भाऊ जाणार.

"बोट जात नाही," ती अस्तरावर बोट ठेवून मोठ्याने म्हणाली.

"जाईल. जरा रेट."

"चाळीस वर्षं जाळी विणतेय मी. कुठे रेटायचं ते मला शिकवू नकोस."

तिने कमरेची कात्री काढली आणि अस्तर कापायला घेतलं. भावाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आजपासून मला बहीण नाही," तो म्हणाला.

अर्धवट काम टाकायची आक्काला सवय नव्हती, म्हणून शेवटचा टाका निघेपर्यंत ती कापत राहिली. मग डोळे पुसले आणि पुढच्या होडीकडे वळली. तिथे पाहते तर तीन तांडेल एकदम खाली वाकून आपापल्या जाळ्यांत काहीतरी घाईघाईने उसवत होते.

भाऊ खरंच बोलायचा बंद झाला. रस्त्यात दिसली की पलीकडून जायचा. जाळं फाटलं की भावजय घेऊन यायची आणि खाली मान घालून सांगायची, "वन्सं, हे म्हणतात, कुणाकडूनही शिवून आण. पण दुसऱ्या कुणाकडे नेलं तर ओरडतात." पहिला हंगाम वाईट गेला. होड्या हलक्या यायच्या आणि बंदर आक्काच्या नावाने बोटं मोडायचं. तिलाही कधीकधी वाटायचं, आपण उगाच भाऊ गमावला.

दुसऱ्या हंगामात हातभर मासळी दिसू लागली. आधी थोडी, मग टोपल्या भरून. शेड आठवड्यातून चार दिवस चालू लागली, मग सहा. बर्फ फोडणाऱ्याने हाताखाली माणूस घेतला. चहावाल्याने दुसरी किटली मांडली. शेडचा मालक कुलपाचं नाव काढेना.

एका दुपारी आक्का ओट्यावर जाळं विणत बसली होती. समोर सावली पडली. भाऊ उभा होता, अंगठ्याने उंबऱ्याची माती उकरत.

"ही रोज संध्याकाळी दमून येते शेडमधून," तो म्हणाला. "भात मलाच लावावा लागतो."

"जमतो का?"

"करपतो."

आक्काने सुई खाली ठेवली. दीड वर्षाने त्याचा आवाज ऐकताना तिचा ऊर भरून आला, पण तो पळून जाईल म्हणून ती हललीसुद्धा नाही.

"नवं जाळं विणून हवंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "चार बोटांचं."

"नियम तीनचा आहे."

"ठाऊक आहे. तू चारचं विण."

आक्काने हात पुढे केला आणि चार बोटं जुळवून त्याच्यासमोर धरली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिला ती नीट दिसत नव्हती.

"ही एवढी?"

"एवढीच," भाऊ म्हणाला, आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसला.