हिंगणमळ्याचा पुजलेला फुटबॉल

मित्रांनो, पृथ्वी गोल आहे, सूर्य गोल आहे, पौर्णिमेचा चंद्रही गोल आहे. सृष्टी घडवताना विधात्याचा हात ज्या आकारावर पुन्हा पुन्हा गेला, त्या थोर घराण्यात माझा जन्म झाला. साऱ्या जगाला श्वास रोखून धरायला लावणारा, राजाला आणि रंकाला एका बाकावर बसवणारा तो मीच. मी एक जुना फुटबॉल आहे. सध्या हिंगणमळ्याच्या तालमीत काचेच्या कपाटात असतो. एका अंगाला जरा बसलोय आणि माझ्या डोक्यावर एक पाल राहते.

माझा जन्म दूर जालंधरकडचा. एका घराच्या ओसरीवर दोन बायकांनी मला शिवलं. याला जन्मभर लाथा खायच्यात, टाके घट्ट घाल, असं त्या आपल्या भाषेत एकमेकींना सांगत होत्या. मला तो आशीर्वाद वाटला. माझ्या जातीत लाथ म्हणजे अन्न. ज्या दिवशी लाथ नाही तो दिवस उपासाचा.

तिथून मी सांगलीच्या एका दुकानात आलो आणि दोरीच्या जाळीत छताला टांगून राहिलो. गणपती झाल्यावर एक दिवस हिंगणमळ्याचे तात्यासाहेब आले. द्राक्षबागायतदार, मनानं मोठे, आणि फुटबॉल म्हणजे काय याची त्यांना अजिबात कल्पना नव्हती. गावातल्या पोरांनी क्लब काढलाय आणि अध्यक्ष म्हणून आपलं नाव घातलंय, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याबरोबर क्लबचा कप्तान अफताब होता. बापाचं पंक्चरचं दुकान चालवणारा, काटक, हसरा पोरगा. त्यानं मला जाळीतून काढलं, अंगठ्यानं दाबलं आणि जमिनीवर आपटून बघितलं.

तात्यासाहेब जैन. त्यांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "चामड्याचा न्हाई न्हवं?"

"नाही साहेब, प्लॅस्टिकसारखं असतं ते."

"मग बांधा. आन् जरा चांगल्या पिशवीत घाला. पहिल्यांदाच गावात येतोय त्यो."

अशा रीतीनं मी नवयुग फुटबॉल क्लबात दाखल झालो. क्लबाचं मैदान म्हणजे तालमीमागची मोकळी जागा. गोलाचे खांब म्हणजे उभे रोवलेले बांबू. गोलकीपर तात्यासाहेबांचा पुतण्या सम्मेद. त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, त्यामुळं डाव रंगात आला की आमचा गोलकीपर जेवायला जायचा. तेवढा वेळ दोन्ही बाजूंनी त्या गोलावर हल्ला करायचा नाही, असा क्लबाचा पहिला नियम झाला.

मित्रांनो, ते पंधरा-वीस दिवस म्हणजे माझं सुवर्णयुग. अफताबच्या उजव्या पायात काय होतं कोण जाणे! त्याची किक बसली की मी तालमीच्या पत्र्यावरून, चिंचेच्या शेंड्यावरून जायचो आणि वरनं मला सगळा हिंगणमळा दिसायचा. खाली पडल्यावर पुन्हा लाथ मिळायची. याहून जास्त सुख मी मागितलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली.

हिंगणमळ्यात त्या दिवशी हत्यारं पुजतात. कोयते, विळे, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळं धुऊन पुसून मांडतात. तालमीत केरबा वस्ताद गदा, मुद्गल, डंबेल्स मांडून पूजा करतात. वस्ताद म्हणजे दगडासारखं शरीर आणि लोण्यासारखं मन. मी तालमीच्या कोपऱ्यात एकटाच पडलेला त्यांना दिसलो. त्यांना वाईट वाटलं. आपल्या घरातल्या पोराला पंगतीत बसवायचं राहिलं तर वाटतं, तसं. त्यांनी मला धुतलं, गदेच्या शेजारी तांदळावर बसवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आणि दोन्ही हात जोडून डोळे मिटले.

माझं आयुष्य तिथं संपलं. पुढं जे चाललंय त्याला वेगळं नाव आहे.

दसरा झाल्यावर संध्याकाळी पोरं खेळायला जमली. अफताबनं मला उचललं तर वस्ताद दारात आडवे.

"कुठं निघालास?"

"खेळायला, वस्ताद."

"आन् लाथ मारणार व्हय रं ह्येला? पुजलाय त्यो."

"आवं वस्ताद, ट्रॅक्टर पुजता आन् दुसऱ्या दिवशी चिखलात घालताच की!"

"ट्रॅक्टरला लाथ मारतो का आपण?"

अफताब म्हणाला, "तुमची राजदूत फटफटी? ती किक मारल्याशिवाय चालू हुती व्हय?"

"ती पुजल्यापासनं बंदच हाय," वस्ताद शांतपणे म्हणाले. "म्हणून तर सेल्फची गाडी घेतली."

पोरं तात्यासाहेबांकडं गेली. तात्यासाहेबांनी विचार करून सांगितलं, वस्तादांचं मन मोडायचं नाही, दुसरा चेंडू आणू. दुसरा आणलाही. पण तो उंबऱ्यातून आत येताना त्यांच्या पत्नी गुणमालाकाकींनी पाहिला. नवी वस्तू घरात येताना तिला कुंकू लावल्याशिवाय काकींचा हात राहत नाही. मिक्सरला लावलं होतं, फ्रीजला लावलं होतं, चेंडूलाही लावलं. आता कपाटात आम्ही दोघं झालो. तिसरा आणायचं कोणी नाव काढलं नाही. कपाट लहान होतं.

तुम्ही म्हणाल, अफताबनं गुपचूप लाथ मारायची. त्याला कुठं हळदकुंकवाचा नेम? मित्रांनो, तिथंच तर सगळं अडलं होतं. एकदा त्याची आई हुसेनबी तालमीच्या भिंतीपलीकडनं त्याला सांगत होती, ते मी कपाटातनं ऐकलं.

"दुसऱ्या कुणी मारली तर वस्ताद रागावतील आन् संध्याकाळी च्या पाजतील. तू मारलीस तर गावाबाहेरची माणसं येतील इचारायला. तू तर अजिबात मारू नगंस, बेटा."

"आई, वस्ताद तसले न्हाईत गं."

"वस्ताद न्हाईत. आमी तरी कुठं म्हणतोय?"

गावातला सगळ्यात चांगला पाय अफताबचा होता आणि सगळ्यात जास्त जपायला लागायचा तोही त्याचाच.

पण त्यानं क्लब सोडला नाही. वस्तादांकडनं त्यानं एक सवलत मिळवली. पायानं नको तर नको, डोक्यानं चालेल का? वस्ताद खूश झाले. "डोक्याला लावायला काय हरकत? पाया पडल्यासारखंच हाय ते!" तेव्हापासून नवयुग क्लब फक्त डोक्यानं फुटबॉल खेळू लागला. पोरं तालमीतली, माना मजबूत. मी या डोक्यावरनं त्या डोक्यावर जायचो. खाली पडलो की सगळे थांबायचे, एकजण मला दोन्ही हातांनी उचलायचा, कपाळाला लावायचा आणि खेळ पुढं सुरू.

अशात सरपंच नानासो यांची नजर मैदानावर गेली. त्यांना तिथं दुकानांचे गाळे बांधायचे होते. अफताब आणि तात्यासाहेब त्यांना भेटायला गेले. नानासो पुढारी असले तरी विनोदी माणूस.

"फुटबॉलचं मैदान म्हणताय, पर गोल कुणी बघितलाय का?" ते म्हणाले. "विश्रामबागच्या कॉलेजची टीम बोलवा. एक गोल घाला. फकस्त एक. जागा क्लबाची. न्हाई झाला तर गाळे."

"शब्द?" अफताबनं विचारलं.

"शब्द. आन् समद्या गावासमोर."

बाहेर पडताना अफताब हसत होता, कारण त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली होती. त्यानं कॉलेजच्या कप्तानाला फोन लावला आणि सांगितलं, येताना तुमचा चेंडू घेऊन या, विसरू नका. परक्या चेंडूला कुंकू नव्हतं. त्याला लाथ मारायला कोणाची हरकत नव्हती. आणि एक गोल अफताबला अवघड नव्हता. पोरांनी महिनाभर रस्त्यावरच्या नारळाच्या करवंट्यांना लाथा मारून पाय तयार केले. मला थोडा मत्सर वाटला, पण मैदान राहणार म्हणून मीही मनातनं त्या परक्या चेंडूची वाट बघत होतो.

सामन्याच्या दिवशी अख्खा गाव आला. पाहुणी पोरं टेम्पोतनं उतरली. त्यांच्या कप्तानाच्या काखेत नवा कोरा चेंडू. अफताबचा चेहरा उजळला. तेवढ्यात पाहुण्यांचं स्वागत करायला तात्यासाहेब पुढं झाले.

"ह्ये काय? चेंडू कशाला आणला?"

"आम्हाला फोनवर सांगितलं होतं…"

"न्हाई न्हाई! पाहुण्यांनी आपलं ताट घरनं आणायचं असतंय व्हय? हिंगणमळ्यात असं झालं न्हाई कधी." त्यांनी तो चेंडू मोठ्या प्रेमानं काढून घेतला आणि पाहुण्यांच्या चपलांशेजारी ठेवला. "वस्ताद, आपला काढा!"

अफताब म्हणाला, "तात्या, ऱ्हाऊ द्या की, त्यो बी चांगला हाय…"

"तू गप. गावाची अब्रू हाय."

वस्तादांनी मला आणलं. सामन्याचा दिवस म्हणून ताजं कुंकू लावलं होतं.

सामन्याचं वर्णन मी फार करत नाही. पाहुणे माझ्याशी पायानं खेळत होते. पाहुण्याला आपला नेम लागू नसतो. ते लाथ मारत तेव्हा वस्ताद डोळे मिटून घेत, त्यामुळं त्यांनी जवळजवळ सगळा सामना मिटल्या डोळ्यांनी पाहिला. मला मात्र खोटं सांगवत नाही: कितीतरी दिवसांनी पोटभर मिळत होतं. आमची पोरं उड्या मारमारून डोकं लावत होती आणि मी खाली आलो की हताश उभी राहत होती. अर्ध्या वेळेनंतर पाहुण्यांनी सभ्यपणानं आपले गोल मोजायचं सोडून दिलं.

आणि मग शेवटाला ते झालं. पाहुण्यांचा गोलकीपर कंटाळून मैदानाच्या मध्यापर्यंत गप्पा मारायला आला होता. सम्मेदनं दोन्ही हातांनी मला लांब फेकलं. मी त्या गोलकीपरच्या डोक्यावरनं गेलो, टप्पे खात अफताबसमोर आलो आणि थांबलो. समोर नुसते दोन बांबू. मध्ये कोणी नाही.

त्यानं उजवा पाय मागं घेतला.

भिंतीवर बसलेल्या हुसेनबीनं पदर तोंडाला लावला. वस्तादांनी पहिल्यांदाच डोळे उघडले. त्यांचे ओठ हलले. "मार" म्हणायचं होतं असं मला आजही वाटतं, पण आवाज आला नाही. आणि मैदानाभोवती एकेक करत मोबाइल वर आले. कॅमेरे. गावचे आणि गावाबाहेरचे.

अफताबनं ते मोबाइल बघितले. पाय खाली ठेवला. मग तो सूर्यनमस्काराला पडतात तसा जमिनीवर पालथा पडला आणि कपाळानं मला ढकललं.

मित्रांनो, मी जीव तोडून घरंगळलो. माझ्यात होती नव्हती ती सगळी हवा पणाला लावली. पण कपाळाची ताकद ती कपाळाचीच. दोन बांबूंच्या अलीकडं, वीतभर अंतरावर मी थांबलो. पाहुण्यांचा गोलकीपर सावकाश चालत आला. त्यानं मला उचललं, हाताला कुंकू लागलं ते पँटला पुसलं, आणि शिट्टी झाली.

त्या संध्याकाळी तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. फुटबॉलपुढं दंडवत घालणारा मुसलमान खेळाडू! लोकांचे डोळे पाणावले. ज्यांनी जन्मात मैदान बघितलं नव्हतं त्यांनी फुलं पाठवली, म्हणजे मोबाइलवरची. नानासोंनी गाळ्यांच्या पायाभरणीच्याच कार्यक्रमात अफताबचा शाल घालून सत्कार ठेवला.

"सत्कार नको, सरपंच," अफताब म्हणाला. "जागा द्या."

"आरं, जागंवरच तर सत्कार करतोय की गड्या!"

सगळे हसले. अफताबही हसला. शाल हुसेनबीनं ट्रंकेत ठेवली आहे.

गाळे झाले. त्यातला एक अफताबच्या दुकानाला मिळाला. जिथं मी थांबलो होतो, जवळजवळ तिथंच आता त्याचा हवेचा कॉम्प्रेसर आहे. क्लब मोडला नाही. दरवर्षी वर्धापनदिनाचा फ्लेक्स लागतो, त्यावर तात्यासाहेब, सम्मेद, वस्ताद, सगळे असतात, मीही असतो. खेळ तेवढा नसतो. अधूनमधून अफताब तालमीत येतो, कपाट उघडून मला अंगठ्यानं दाबून बघतो आणि परत ठेवतो. आता त्याच्या चालण्यातही जोर राहिलेला नाही. वस्तादांना हे दिसतं. ते दरवर्षी माझी पूजा आधीपेक्षा जास्त मनोभावे करतात. त्यांना दुसरं काय करायचं ते कळत नाही.

मित्रांनो, अशा ठिकाणी आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला काहीतरी शिकवण देतो. मला लाथ मारा असं मी आता म्हणणार नाही. ती वेळ गेली. मैदान परत द्या असंही म्हणणार नाही, गाळ्यांना शटर लागलेत. माझं मागणं लहान आहे. पूजा करताना उदबत्ती माझ्या हवेच्या भोकात खोचत जाऊ नका. शेजारी केळं ठेवलेलं असतं, त्यात खोचा.