ओढ्यापलीकडचा पत्ता

रंगी म्हशीच्या कासेला हात लावला की हिंदुरावाला जगाचा विसर पडायचा. पण त्या सोमवारी सकाळी तो गोठ्यात धारेला बसला आणि त्याच्या दोन्ही कानांशी दोघी भांडायला उभ्या राहिल्या. डाव्या कानाशी लेक ललिता आणि उजव्या कानाशी थोरली बहीण सोजरबाई. मधल्या मधे रंगीनं पान्हा चोरला.

"आबा, वारज्याचं कॉलेज मला नको," ललिता म्हणाली. "तिथले कॉम्प्युटर अजून खोक्यात आहेत. मी स्वतः पाहिलेत."

"खोक्यात हाईत म्हंजी कोरे हाईत," सोजरबाई म्हणाली. "त्या जुन्या कॉलेजात कुणाकुणाचे हात लागल्यात, द्येवाला ठावं."

"अगं आत्या, कॉलेजचं नाव बघतात. नोकरी देणारे खोकी बघत नाहीत."

"दोघी बी गप ऱ्हावा!" हिंदुराव ओरडला. "म्हस आटली तर कालेजात काय शेण पाठवू?"

तर भांडण असं होतं. ललिताला बारावीला मार्क पडले ते वस्तीत आजवर कुणाला पडले नव्हते. शहरातल्या जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात तिला मार्कांवर कॉम्प्युटरची जागा मिळाली. त्याच आठवड्यात वारज्याच्या पलीकडच्या एका नव्याकोऱ्या कॉलेजाचंही पत्र आलं. ते बघायला सगळं घर टेम्पोतून गेलं होतं. तिथल्या डायरेक्टरनं हिंदुरावाला 'या हिंदुरावसाहेब' म्हणून कोचावर बसवलं आणि क्रीमची बिस्किटं पुढं केली. हॉस्टेल मागेल त्याला आणि गरम पाणी दोन वेळा, असंही सांगितलं. हिंदुरावानं सहा बिस्किटं खाल्ली आणि सहाव्या बिस्किटाला तो पार विरघळला. जन्मात त्याला साहेब म्हणणारा तो पहिलाच माणूस होता.

जुन्या कॉलेजाची अडचण एकच होती, येण्याजाण्याची. खराडीत तेव्हा काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या, पण हिंदुरावाची वस्ती त्यांच्याही मागं, पार ओढ्याच्या काठाला होती. अर्धा तास चिखल तुडवून फाटा गाठायचा, बस आली तर पकडायची, येरवड्याला तुरुंगापाशी दुसरी बस धरायची. कॉलेज सुटायचं सहाला. पोरीच्या जातीनं रोज हे करायचं, ही गोष्ट कौशल्याला, म्हणजे हिंदुरावाच्या बायकोला, मुळीच पटत नव्हती.

"आता माझं ऐका," हिंदुराव बादली उचलत म्हणाला. "जुन्या कालेजाचं होस्टेल मिळालं तर जुनं कालेज. न्हाई मिळालं तर वारजं. शनवारी पाचपातुर कळवायचंय. त्याच्या म्होरं कुणी तोंड उघडायचं न्हाई."

 ललिताचे डोळे भरले होते, आणि ते बघून हिंदुरावाला सहाही बिस्किटांची शरम वाटली.

दुपारी बापलेक हॉस्टेलच्या हपिसात पोचले. तिथं खांबेटे बाई होत्या. अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की रांगेतली माणसं आपोआप सरळ उभी राहत.

"पत्ता?" बाईंनी अर्जावरून मान वर न करता विचारलं.

"खराडी. वड्याकाठची वस्ती."

"म्हणजे महापालिकेची हद्द. हद्दीत राहणाऱ्यांना हॉस्टेल नाही. पुढचे!"

"बाई, जरा ऐका. आमी शेरात हाय, पर शेर अजून आमच्यापातुर आलं न्हाई. नळ हाय, पानी न्हाई. खांब हाय, दिवा न्हाई."

"मग महापालिकेत जा. मी मुलींना खोल्या देते. नळाला पाणी देत नाही."

"आन् ती वाघुलीची पोरगी कशी काय? तिचं नाव लागलंय बाहीर यादीत. तिची बस आमच्या फाट्यावरनं जाती. तिला दारात बस आन् वर खोली, आमच्या पोरीला चिखुल!"

"वाघोली हद्दीबाहेर आहे," बाई म्हणाल्या. "नियम सगळ्यांना सारखा आहे, म्हणून तर तो कुणालाच आवडत नाही. प्रवेशाचे दिवस आले की पुण्यातल्या मुली एकदम मामाच्या गावाला राहायला जातात. हवा चांगली असते म्हणे. मी प्रत्येकीचा दाखला तपासते. तुम्ही निदान खरा पत्ता सांगितलात, त्याबद्दल आभार. पुढचे!"

परतीच्या वाटेवर हिंदुराव भराभरा चालत होता. सात वर्षांपूर्वी गाव महापालिकेत गेलं, तेव्हा अंगभर गुलाल माखून नाचणारा आणि वस्तीत पेढे वाटणारा हाच पठ्ठ्या होता. आता शहरात आलो, आता पोरांचं भलं होणार, असं तो तेव्हा दारोदार सांगत फिरला होता. ते पेढे आज त्याच्या घशाशी आले.

ओढ्यापाशी आल्यावर मात्र तो जागच्या जागी उभा राहिला. अलीकडं त्याचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. ओढ्यावर टाकलेला सिमेंटचा पाइप ओलांडला की पलीकडं गोठा. आणि महापालिकेची हद्द? ती ओढ्यातच संपत होती! पलीकडं ग्रामपंचायत होती. गेली सात वर्षं हिंदुराव शहरात राहत होता आणि त्याच्या म्हशी खेड्यात.

"ललिते," तो म्हणाला, "आपुन गोठ्यात ऱ्हायला जायाचं."

"आबा, हे चीटिंग आहे!"

"चीटिंग कसलं? ऱ्हातो म्हनून न ऱ्हानं ही चीटिंग. आपुन खरंखुरं ऱ्हायाचं. चूल, भांडी, हाथरून, समदं तिकडं."

"आणि नियम?"

"नियमात हद्दीबाहीर ऱ्हावा म्हनलंय. गोठ्यात ऱ्हाऊ नका आसं कुठं म्हनलंय?"

 खरं सांगायचं तर ललितालाही यावर उत्तर फार शोधायचं नव्हतं.

मंगळवारी सकाळी बिऱ्हाड हललं. दूध न्यायला आलेल्या अकबरभाईनं स्कूटर बाजूला लावली आणि कपाटाचं एक टोक धरलं. पाइपवरून तोल सावरत तो म्हणाला, "हिंदुराव, लोकं गोठ्यातून बंगल्यात जातात. तुम्ही उलटे निघाले!"

गोठ्यात चूल मांडली, पलंग टाकला, गव्हाणीत ललिताची पुस्तकं ओळीनं लावली. ग्रामसेवक येऊन पेटलेली चूल बघून गेला, चूल बघता बघता दोन भाकरी खाऊन गेला आणि रहिवासी दाखला लिहून देऊन गेला. सगळं झक्क जमलं. आणि मग आभाळ गळायला लागलं, तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की रंगी आणि बिजली बाहेर भिजत उभ्या आहेत.

"मुकी जनावरं पावसात ठिवनार?" सोजरबाई कडाडली. "आरं, पोरीच्या शिक्षनापायी म्हशींस्नी घराबाहीर काडलं, आसं म्हनतील लोक!"

"मग काय आक्का, डोक्यावर घ्यू?"

"घर रिकामं पडलंय न्हवं?"

कौशल्यानं परवाच पुसून घेतलेल्या फरशीकडं एकदा बघितलं आणि पदराचा बोळा तोंडात धरला. तो हसू दाबायला की रडू, हे हिंदुरावानं विचारलं नाही. फरशीवर म्हशींचे पाय घसरून गळ्यातल्या घंटा वाजायला लागल्या म्हणून सोजरबाईनं लग्नातली सतरंजी अंथरली. माश्या बसायला लागल्या म्हणून पंखा लावला. पंख्याखाली रंगीनं डोळे मिटले आणि संध्याकाळी दीड लिटर दूध जास्त दिलं. हिंदुराव बादलीत बघतच राहिला.

बुधवारी त्यानं नवा अर्ज आणि दाखला नेऊन दिला. खांबेटे बाईंनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले.

"परवा तुम्ही खराडीत होतात."

"व्हय."

"आज नाही आहात."

"वडा वलांडला, बाई."

"अस्सं. मग मी पाहणीला येते. उद्याच," बाई म्हणाल्या. "खोटं निघालं तर नाव कायमचं काढते. कॉलेजलाही कळवते."

 हॉस्टेलपायी मिळालेली जागाही हातची जायची वेळ आली होती.

गुरुवारी सकाळपासून तो गोठ्याच्या दारात बसून वाटेकडं डोळे लावून होता. बाई नऊला येणार होत्या. दहा वाजले, साडेदहा वाजले, पत्ता नाही. अकराच्या सुमाराला ओढ्याच्या घराकडल्या काठानं एक आकृती येताना दिसली. साडीचा काठ चिखलानं भरलेला, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल. पण बाई पाइपाकडं न येता, पहिल्या अर्जावरचा पत्ता विचारत थेट घराकडं गेल्या!

"आवं बाई, तिकडं न्हाई, हिकडं!" हिंदुराव हात हलवत पळत सुटला. पावसानं आणि ओढ्याच्या खळखळाटानं त्याचा आवाज काही पलीकडं गेला नाही.

बाईंनी कडी वाजवली. आतून घंटा वाजली. त्यांनी पुन्हा कडी वाजवली, पुन्हा घंटा. "दार उघडा, आत आहात हे कळतंय मला!" बाई कडक आवाजात म्हणाल्या. तेवढ्यात दाराशेजारच्या खिडकीचा पडदा बाजूला झाला आणि बिजलीनं डोकं बाहेर काढलं. तोंडात पडद्याचं टोक होतं.

बाई आणि बिजली एकमेकींकडं बराच वेळ बघत राहिल्या.

हिंदुराव धापा टाकत पोचला. त्याच्या मागं ललिता, कौशल्या, सोजरबाई.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"बिजली. लई गरीब हाय, बाई. मारत न्हाई."

बाईंनी दार ढकललं. आत पंखा गरगरत होता. सतरंजीवर रंगी रवंथ करत बसली होती आणि तिच्या डोक्यावर भिंतीला ललिताचा दहावीच्या बक्षिसाचा फोटो होता.  मग बाईंनी पाइप ओलांडला आणि गोठा बघितला. चूल, पलंग, ओलं अंथरूण, गव्हाणीतली पुस्तकं. एक पुस्तक उचलून उघडलं, तर पानात गवताची काडी खूण म्हणून ठेवलेली.

तेवढ्यात ललिताचा बांध फुटला.

"मॅडम, आम्ही सोमवारपर्यंत त्याच घरात राहत होतो. हे सगळं हॉस्टेलसाठी केलंय. मला खोटं बोलून खोली नको."

 गेलं, सगळं गेलं, आता वारजं आणि खोकी, असं हिंदुरावाच्या मनात आलं. पण पोरीचा राग आला नाही. उलट ऊर भरून आला, आणि त्याचाच त्याला राग आला.

"ते म्हशीच्या डोक्यावरच्या फोटोवरूनच कळलं मला," बाई म्हणाल्या. "पाणी आहे का प्यायला?"

सोजरबाईनं पाण्याआधी ताकाचा तांब्या पुढं केला. बाईंनी तो एका दमात संपवला.

"सकाळी आठला निघाले मी," त्या म्हणाल्या. "येरवड्याला पाऊण तास बस नव्हती. आली ती दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा कंडक्टर म्हणाला, उतरा आणि ढकला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळांना ढकललं, बस आजच ढकलली. आणि तुमच्या फाट्यावरच्या चिखलात माझी दुसरी चप्पल आहे. सापडली तर ठेवून घ्या."

कुणाला हसायची छाती झाली नाही.

"वेटिंगमध्ये तिघी होत्या. तिघींचे दाखले मामाच्या गावचे निघाले, आणि त्या गावांत मामासुद्धा राहत नाहीत. काल वाघोलीच्या मुलीनं आपली खाट सोडली. दुसऱ्या कॉलेजात गेली, वारज्याच्या पलीकडे. गरम पाणी मिळतं म्हणे दोन वेळा." बाईंनी हिंदुरावाकडं बघितलं आणि हिंदुरावानं ओढ्याकडं. "खाट रिकामी आहे. नियमात लिहिलंय, हद्दीबाहेर प्रत्यक्ष राहत असली पाहिजे. किती दिवस, ते लिहिलेलं नाही. पुढच्या वर्षी लिहून घेईन. आज तुम्ही राहताय हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

"म्हंजी मिळालं, बाई?"

"मिळालं. पण एक ऐका. ती हॉस्टेलात आहे तोवर तुम्ही याच पत्त्यावर राहायचं. चार वर्षं. मी अधूनमधून येईन, न सांगता."

"चार वर्सं गोठ्यात?" कौशल्याच्या तोंडून गेलं.

"नियम सगळ्यांना सारखा आहे," बाई म्हणाल्या आणि हिंदुरावाच्या वहाणा पायात घालून फाट्याकडं चालू लागल्या.

शनिवारी पाचच्या आत ललितानं जुन्या कॉलेजात नाव पक्कं केलं. वारज्याला नकार कळवताना हिंदुरावानं चार वेळा 'साहेब' म्हटलं. ट्रंक घेऊन तो पोरीबरोबर हॉस्टेलात गेला. खोली बघितली. चार खाटा, एक खिडकी, पंखा नाही.

"आबा, चौघींत एक खोली आहे," ललिता हसत म्हणाली. "म्हशींना दोघींत एक."

"आन् त्यास्नी पंखा बी हाय," हिंदुराव म्हणाला. आणखी काहीतरी बोलायचं म्हणून तो आला होता. त्यानं पोरीच्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि निघाला.

तो वस्तीवर पोचला तेव्हा दिवस मावळायला आला होता. गोठ्यात सोजरबाई गव्हाणीला टेकून भाजी निवडत होती. ललिताची पुस्तकं गेली होती आणि गव्हाण मोकळी दिसत होती. तिकडं जास्त न बघता हिंदुरावानं बादली घेतली, पाइप ओलांडला आणि धारेची वेळ म्हणून तो घरी गेला. दारात सवयीनं वहाणा काढल्या, पाय पुसले आणि कडी वाजवली.

आतून घंटा वाजली, तेव्हा तो आत गेला.