कारभारीनं खाणं सोडलं

कारभारी विहिरीत उतरला की काठावरच्या माणसांना घोर नसे, असं सुप्याच्या आसपासच्या पाच-सात गावांत म्हणत. कातळात सुरुंगाचं भोक कुठं घ्यायचं, हे तो दगडावर नुसता हात फिरवून सांगे. बहात्तर सालचा पावसाळा कोरडा गेला आणि जो तो आपली विहीर आणखी खाली न्यायला लागला, तेव्हा त्याला दम खायलाही सवड राहिली नाही. भाद्रपदात एका विहिरीच्या तळाशी तो वाकून दगड भरत होता. वर ओढणाऱ्या यारीचा दोर तुटला आणि अर्ध्यावर गेलेलं दगडांचं घमेलं खाली आलं. डोक्यावर आलं असतं तर जागच्या जागी कारभार आटपला असता. ते आलं दोन खांद्यांच्या मधोमध.

नगरच्या दवाखान्यात तो तीन महिने होता. छातीच्या खाली सगळं मुकं झालं होतं. पाय परत येणार नाहीत, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं आणि त्यानं ते कसंबसं गिळलं. पण पोटाचंही तसंच झालंय, हे कुणी सांगितलं नाही. ते त्याला एका सकाळी अंथरुणानं सांगितलं. कडेच्या खाटेवरचा म्हातारा नाकाला धोतर लावून उठून बसला, तेव्हा कारभारीला कळलं की घाण आपलीच आहे.

तिथली नर्स मरिया ही शेवगावकडच्या एका ख्रिस्ती मास्तरांची मुलगी. आवाज खडा, हात हलका. घरी सोडायच्या आधी तिनं कारभारीच्या बायकोला, मुक्ताबाईला, पडद्याआड नेऊन सगळं शिकवलं.

"लाजायचं नाही, मुक्ताबाई. यांच्या आतड्याला आता आपणहून काही सुचत नाही, त्याला सवय लावावी लागते. एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी. आधी कोमट पाणी प्यायला द्यायचं. मग डाव्या कुशीवर घ्यायचं, रबरी मोज्याला तेल लावायचं आणि बोट आत हळूहळू गोल फिरवायचं. घाई करायची नाही. नख लागलं तर त्यांना दुखल्याचं कळणार नाही, म्हणून ते तुम्हाला कळलं पाहिजे."

मुक्ता मान डोलवत राहिली. कारभारी छताकडे बघत राहिला.

घरी आल्यावर मुक्तानं सांगितल्याबरहुकूम सुरू केलं. पुण्याच्या रस्त्यानं पहिली एसटी जायची, तिचा आवाज माळावरून ऐकू यायचा. ती वेळ तिनं धरली. दार लावून घ्यायची, पदर खोचायची, आणि तोंडातून शब्द न काढता काम करायची. कारभारी भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. लग्नानंतर सहा महिने या बाईनं त्याच्यासमोर मान वर केली नव्हती. आता ती त्याच्या मागे बसून पाटीत काय पडलं ते बघत होती आणि पुरेसं पडलं तर सुटकेचा श्वास टाकत होती. एकदा ती पाण्याला गेलेली असताना त्यानं आपलं आपण करून बघितलं. पण एक हात मागे नेला की धड सावरायला उरलेला एक हात पुरेना. तो तोंडावर आपटला आणि ती येईपर्यंत तसाच पडून राहिला. तिनं त्याला उचललं आणि ओठाचं रक्त पुसलं.

तरीही ते महिने बरे म्हणायचे. खरी वाट लागली ती मुक्ता दुष्काळी कामावर जायला लागल्यावर. पाझर तलावावर खडी फोडायचं काम चार मैलांवर होतं. मुकादम हजेरी घ्यायचा ती उजाडता उजाडता. उशीर झाला की नाव गळालं. दोन्ही पोरींना मुक्तानं माहेरी धाडलं होतं. घरात उरली कारभारीची आई राहीबाई. तिला दोन्ही डोळ्यांनी फक्त उजेड तेवढा कळायचा.

आता मुक्ता एसटीच्या कितीतरी आधी उठायची. कारभारीचं आतडं मात्र तितक्या लवकर उठत नव्हतं. ती बोट फिरवायची, वाट बघायची, बाहेर बायकांच्या हाका यायच्या. निम्मंशिम्मं काम टाकून ती निघायची. मग दुपारी कधीतरी उरलेलं आपसूक व्हायचं. कारभारीला ते अंगाला कळत नसे, नाकाला कळे.

"आई, दार उघडं ठिव," तो म्हणायचा.

राहीबाई चाचपडत यायची, खालचं फडकं ओढायला बघायची, आणि होतं ते आणखी पसरायचं. त्यापेक्षा नकोच म्हणून तो तिला परत पाठवायचा. संध्याकाळी मुक्ता येईपर्यंत तो तसाच पडून असायचा, माश्या वारत.

आणि पाणी. टँकर येऊन गावच्या विहिरीत पाणी ओतायचा आणि घरटी दोन घागरी मिळायच्या. दिवसभर खडी फोडून आलेली मुक्ता, पापण्यांवर दगडाची भुकटी घेऊन, त्यातली एक घागर कारभारीला पुसण्यात आणि फडकी धुण्यात घालवायची. स्वतःचे पाय ती धूत नसे. एकदा तिनं घागरीच्या तळचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडाशी नेलं, आणि परत फडक्यावर ओतलं. कारभारीनं ते बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं खाणं सोडलं.

एकदम नाही सोडलं. सरकारी दुकानातल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी असायच्या, थंड झाल्या की चामड्यासारख्या. मुक्ता जाताना त्याच्या उशाला एक आणि राहीबाईपुढं एक ठेवून जायची. ती गेली की कारभारी आपली भाकर मोडून चारातले तीन हिस्से आईच्या थाळीत सारायचा. तांब्यातलं पाणीही तिच्याच तांब्यात ओतायचा. दिवसभरात जीभ ओली होईल एवढे दोन घोट घ्यायचा, बस्स.

"आज पोट भरल्यासारखं वाटतंय रं," राहीबाई म्हणायची. "भाकरी मोठी थापली का मुक्तानं?"

"व्हय. खा तू."

पाच दिवस कोरडे गेले. फडकं तसंच्या तसं. मुक्ता संध्याकाळी दारातूनच वास घ्यायची आणि तिच्या कपाळाची शीर सैल व्हायची.

"बसली वाटतं सवय," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं उरलेल्या पाण्यानं पाय धुतले, अगदी घोट्यापर्यंत. कारभारी बघत राहिला. घमेलं पडल्यापासून आपण कुणासाठी काहीतरी केलंय, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

सकाळी तिच्या बोटाला कडक खडे लागत, पुढंपुढं तेही लागेनात. ती विचारात पडली, तर तो म्हणाला, "काल दुपारी झालं की. आईनं काढलं." खडी फोडून आलेल्या बाईला खरंखोटं करायला त्राण नव्हतं. तिनं मानलं.

तिसऱ्या आठवड्यात त्याचं पोट ढोलासारखं झालं. आणि मग एका दुपारी सुरू झालं ते थांबेना. काळपट, पातळ पाणी, सारखं, थोडं थोडं. फडकी संपली, मग मुक्ताचं जुनं लुगडं फाडलं. राहीबाईनं ठरवलं, हगवण आहे. तिनं डाळिंबाची साल उकळून पाजली, जायफळ उगाळून चाटवलं. पोट आणखी ताठलं, पाणी चालूच राहिलं. चार दिवस तो त्या ओलीत होता.

पाचव्या दिवशी त्याच्या डोक्यात सुरुंग उडाल्यागत झालं. तोंड लालबुंद, कपाळावरून घामाच्या धारा, मानेवर काटा. आणि छातीखालचं अंग मात्र गारठलेलं, कोरडं. डोळ्यांपुढं ठिणग्या नाचत होत्या.

"डोकं फुटतंय, आई!" तो ओरडला.

राहीबाईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. "हिरीतलं कायतरी मागं लागलंय," ती म्हणत राहिली. कारभारीचा चुलतभाऊ गहिनीनाथ धावत कामावर गेला, मुक्ताला घेऊन आला. बैलगाडीतून सुप्यापर्यंत आणि तिथून एका मालट्रकमध्ये घालून त्यांनी त्याला नगरला नेलं. ट्रकचा ड्रायव्हर नाकाला रुमाल बांधून होता, पण त्यानं नाही म्हटलं नाही.

मरियानं त्याला आधी उठवून बसतं केलं. रक्तदाब बघितला आणि डॉक्टरांना हाक मारली. मग त्याच्या पोटावर हात ठेवून दाबत खाली गेली.

"जुलाब कधीपासून?"

"पाच दिवस झालं," मुक्ता म्हणाली. "साल दिली, जायफळ दिलं. ऱ्हातच न्हाईत."

"जुलाब नाहीत हे. आत मळ साठून दगड झालाय, त्यानंच रक्तदाब चढून डोकं फुटतंय, आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपतंय. तुम्ही ते झिरपणं बंद करायला बघत होता."

विहिरी खोदणाऱ्याला हे दोनदा सांगावं लागलं नाही. कारभारीनं डोळे मिटून घेतले.

ते काढायला तासाच्या वर गेला. डॉक्टर थोडं काढायचे, की त्याच्या डोक्यात पुन्हा घण पडायला लागत. मग थांबायचं, त्याला बसतं करायचं, रक्तदाब उतरला की पुन्हा. मुक्ता पाटी धरून उभी होती. पाटीत जे पडत होतं त्याचा टणटण आवाज येत होता. शेवटी एकदा डोक्यातला घण थांबला. कारभारी घामानं निथळत होता, पण तो रडत होता हे मुक्ताला कळलं.

मरियानं हात धुतले. "काय खात होते हे?"

"रोज एक पुरी भाकर. मीच ठिवून जाते."

"पाणी?"

"तांब्याभर."

मरिया कारभारीकडे बघत राहिली. "एक भाकर आणि तांब्याभर पाणी पोटात गेलं असतं, तर इतकं सुकलं नसतं. कारभारी, खरं सांगा."

मुक्ता त्याच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावरचा रंग आधी बदलला, मग गेला.

"म्हातारीला घालत हुता," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

त्याला कुशीवर वळवलं तेव्हा दुसरी गोष्ट कळली. चार दिवसांच्या ओलीनं माकडहाडावरची कातडी गेली होती. वर रुपयाएवढी दिसणारी जखम आत हाडापर्यंत पोचली होती. दवाखान्यात पंधरा दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, भरली तर सहा महिने लागतील. घाण लागू द्यायची नाही, एका कुशीवर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. हे दिवसभर खडीवर असणाऱ्या बाईला सांगताना त्यांनाही बरं वाटलं नसावं, कारण बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

घरी आल्यावर दोन दिवस मुक्ता कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी ती जखमेत औषधाची पट्टी बसवत असताना कारभारीच म्हणाला, "मी गेलो असतो तर सुटली असतीस."

"व्हय," ती म्हणाली. "सुटले असते."

त्याला वाटलं होतं, ती त्याच्या तोंडावर हात ठेवील. ती पट्टी आत सारत राहिली.

"मला न्हाई का वाटत? रोज वाटतं. दगूड फोडताना वाटतं, घरला येताना तर लईच वाटतं. वास नसला तर वाटतं, आज मेला असंल. मग पाय उचलत न्हाईत माजे." तिचा आवाज चढला नाही. "त्ये मनातलं मनात हुतं. तुमी माज्याकडनं वदवून घ्यायला उपाशी ऱ्हायला व्हय?"

"मी पान्यासाठी..."

"पान्याचं मी बघते. तुमी सांगत जाऊ नका मला, मी कशानं सुटंन." तिनं हात पुसले. "पाय धुतले हुते मी. आठ दिवस पाय धुतले. तुमी तिकडं सुकताय, आनि मी पाय धुतीय."

मग मात्र ती रडली. पदर तोंडात कोंबून, म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून.

मरियानं सांगितलं होतं की वेळ बदलली तरी चालेल, पण मग ती मोडायची नाही. मुक्तानं संध्याकाळ धरली. कामावरून आली की चुलीवर पाणी कोमट करून त्याला पाजायची, त्याच्यापुढं भाकर ठेवून समोर बसायची. तो शेवटचा तुकडा गिळेपर्यंत उठायची नाही. मग अर्ध्या तासानं दार लावून पदर खोचायची. आतडं हळूहळू संध्याकाळला सरावलं. दुपारी आता आठवड्यातून एकदाच कधीतरी व्हायचं. राहीबाईला सगळं कळल्यावर ती त्याच्या हातचं काही घेईना. तो नुसता तिच्याकडं सरकला तरी ती थाळी उचलून पाठ फिरवायची. दर थोड्या वेळानं मात्र चाचपडत यायची आणि दोन्ही हातांनी ढकलून त्याला दुसऱ्या कुशीवर करायची. "वळला का रं?" विचारायची. तिच्यानं तो पुरता वळायचा नाही. तो "व्हय" म्हणायचा.

जखम भरली नाही. चैत्र गेला, वैशाख गेला. आधी मुक्ता बोटांनी मापून सांगायची, "एवढी ऱ्हायली." पुढं ती म्हणायला लागली, "हाय तेवढीच." कारभारीला तिथं काही कळत नव्हतं, पण पट्टी आत सारायला तिला किती वेळ लागतो हे कळत होतं, आणि तो वेळ वाढत होता. ज्येष्ठात त्याला संध्याकाळचा ताप यायला लागला. हुडहुडी भरायची, दात वाजायचे. मुक्तानं गोधडी घातली, कपाळाला हात लावला. मग तिनं भाकर मोडून त्याच्यापुढं धरली.

"नको आज," तो म्हणाला. "खरंच नको. त्या दिसांसारखं न्हाई हे."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. पण हात मागे घेतला नाही.

त्यानं तोंड उघडलं. मिलोची भाकर तापलेल्या तोंडात मातीसारखी लागत होती. तो चावत राहिला, आणि ती समोर बसून त्याच्या घशाकडे बघत राहिली, तो खरोखर गिळतोय का ते.