बाथरूमची कडी

दादा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला तेव्हा घरातले सारे काही त्याच्या ओळखीचे होते. फक्त बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती. ज्या दुपारी तो आत सुई टोचून निपचित पडला होता, त्या दुपारी शेजाऱ्यांनी खांदे लावून ते दार फोडले होते. दार पुन्हा उभे राहिले. कडीच्या जागी मात्र फाटलेले लाकूड तसेच राहिले. दादा स्वतः सुतार. त्याने त्या जागेवरून एकदा अंगठा फिरवला.

तो अंघोळीला गेला की आई हातातले काम टाकून दाराशी येई.

"आहेस ना रे?"

आतून बादलीवर तांब्या वाजे. कधी त्यासोबत दादाचा आवाज येई, "आहे गं बाई! बुडेन म्हटलं तरी या बादलीत मावत नाही!"

आई हसे. पण तांब्या उशिरा वाजला, तर तिचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पाहत असे. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताक फुंकून पिताना हसू नये, हे मला त्या दिवसांत कळले.

पुढे, ज्यांच्या हाताखाली तो आधी सुतारकाम करायचा त्या मिस्त्रींनी त्याला कामावर परत घेतले. "ये उद्यापासून. पण या वेळी माझा रंधा विकलास, तर त्याच रंध्यानं तुझी सालं काढीन," एवढेच ते म्हणाले.

एका सुट्टीच्या दिवशी दादाने नवी पितळी कडी आणली. जुनी भोके त्याने लाकडी खुंट्यांनी बुजवली, खुंट्यांना लावलेला सरस सुकू दिला, पटाशीने कडीच्या जाडीएवढी खाच घेतली.

"बघ," तो मला म्हणाला, "लावताना आवाजसुद्धा होत नाही."

त्याचा चेहरा इतका मोकळा मी कितीतरी काळाने पाहत होतो.

"छान बसली रे," आई म्हणाली. तिची बोटे मात्र एकमेकांत घट्ट अडकली होती.

दादा टॉवेल घेऊन आत गेला. कडी खरोखरच आवाज न करता लागली.

"आहेस ना रे?"

आत नळ वाहत होता.

"अरे, ऐकतोयस ना?"

तांब्या वाजला नाही. आई दोन्ही हातांनी दार बडवू लागली. "फोड, दार फोड!" ती माझ्यावर ओरडली. मी खांदा लावणार, तोच दार उघडले. डोक्यावर साबणाचा फेस, कमरेला टॉवेल. दादा आमच्याकडे पाहत उभा होता.

"ओ द्यायला काय झालं होतं मेल्या?" आई मटकन खाली बसली.

"एकदाच," तो हळू आवाजात म्हणाला, "कुणाला उत्तर न देता अंघोळ करायची होती गं."

फेस डोळ्यांत उतरत होता. तो त्याने पुसला नाही.

डोके धुऊन आल्यावर त्याने एकेक स्क्रू सैल केला आणि कडी आईच्या ओंजळीत ठेवली. "असू दे. तुला वाटेल तेव्हा सांग. लगेच बसवतो."

आईने ती आपल्या कपड्यांच्या घडीत जपून ठेवली आहे. आता तिला हाक मारावी लागत नाही. ती दाराशी पोचण्याआधीच आतून तांब्या वाजू लागतो, आणि दादाची अंघोळ संपेपर्यंत वाजत राहतो.