रिकामी लहर

वायरलेस खात्यातून निवृत्त झाल्यापासून आठ महिने म्हाताऱ्याने घरातल्या प्रत्येक वस्तूत खोट काढण्याचा सपाटा लावला होता. अखेर सुनेनेच त्यावर तोड काढली. ती शिकवत होती त्या तंत्रशाळेत वारंवारता मोजणारी बारा यंत्रे बंद पडून होती. त्यांतले एक तिने सासऱ्यांपुढे आणून ठेवले. सोमवारपर्यंत ते सुधारले, तर उरलेली अकराही त्यांच्या हाती येणार होती. नाहीतर सगळीच भंगारात.

दोष यंत्राच्या काळजात, ठोका चुकवणाऱ्या स्फटिकात होता. म्हाताऱ्याने जुन्या बाजारातून दुसरा क्रिस्टल ऑसिलेटर, म्हणजे तसाच ठोके देणारा स्फटिकाचा भाग, पैदा केला, रविवारी सकाळी त्याला वीज दिली आणि विजेची लहर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्याकडे पाहताच त्याचा चेहरा उतरला. गोलाईदार लहर दिसायला हवी होती. दिसली ती माथा चेपलेली, एका अंगाला कललेली.

"गेला! फसवलं मला."

"बाबा, वीज बरोबर आहे ना?" सुनेने विचारले.

"दोनदा मोजली."

"आणि प्रोब? मोजायची सुई नीट टेकली आहे ना?"

"सूनबाई, तुझ्या जन्माआधीपासून प्रोब धरतोय मी!"

भाजी निवडणाऱ्या बायकोने मान वर न करताच विचारले, "वाकडा चालतोय का? मग रिकामा असेल. आपल्या घरी एक नमुना आहेच की."

सुनेने हसू दाबले. म्हातारा बायकोकडे वळता वळता ऑसिलेटरच्या मोकळ्या तोंडाकडे पाहू लागला.

रिकामा!

खात्यातल्या त्याच्या टेबलावर पन्नास ओहमचा रोध, म्हणजे विजेला काम देणारा भार, सॉकेटमध्येच कायमचा बसवलेला असे. एकतीस वर्षे प्रत्येक ऑसिलेटरला तो भार आपोआप मिळत गेला. तो द्यावाही लागतो, नाहीतर लहर वाकडी होते, हे हात विसरूनच गेले होते.

त्याने शंभर ओहमचे दोन रोध समांतर जोडून पन्नासचा भार केला आणि ऑसिलेटरच्या तोंडाशी लावले. लहरीची उंची निम्म्यावर उतरली आणि लहर सुबक गोल झाली. यंत्रात भाराची सोय मुळातच होती. ऑसिलेटर तिथे बसला, तापून स्थिरावला, आणि संध्याकाळपर्यंत एकही आकडा हलला नाही.

"आता तरी कबूल करा, कुणी सुचवलं ते," बायको म्हणाली.

"तू 'रिकामा' म्हणालीस. शास्त्रात त्याला 'भाररहित' म्हणतात. दोन्ही एकच नव्हेत."

"बरं, भाररहित! जेवायला चला."

"आलो. सूनबाई, उद्या अकराही आण."

"एकदम? टेबलावर मावतील का, बाबा?"

म्हातारा केव्हाच टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या खिडकीत सरकवू लागला होता.