काचेवरचा ठिपका

तिनं नव्या छायाचित्रावर बाबांच्या जुन्या नोंदवहीतली मापं ताडून पाहिली आणि खुर्ची मागे सरकवली. जागा तीच होती. केसाएवढा फरक होता, पण तो तिनं जुन्या यंत्राच्या माथी मारला. तेवढ्या फरकात हजारो तारे मावतात, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

शेजारच्या दीर्घिकेत अचानक भडकून विझत जाणारे नवतारे शोधायचे, त्यांची वर्गवारी करायची, हे तिचं काम. नव्या छायाचित्रातला हा चार दिवसांतच मंदावला, म्हणजे ‘वेगवान’ वर्गातला. त्याच जागी पूर्वीचा भडका सापडला, तर मात्र तो ‘पुनरावर्ती’, म्हणजे पुन्हा पुन्हा भडकणारा, ठरणार होता. आणि तो भडका एकट्या बाबांनी पाहिला होता, चौतीस वर्षांपूर्वी, याच वेधशाळेत, छायाचित्राच्या काचेच्या प्लेटवर. पुढचे दहा दिवस आभाळ भरलेलं, दुसरी प्लेट निघालीच नाही. प्रमुखांनी ‘धूळ’ असा शेरा मारला. तेव्हापासून कुणाच्या शर्टावर डाग दिसला, की बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं लोक म्हणत, नवतारा उगवला बघा. बाबांनी नोकरी सोडली. आईनं प्रमुखांच्या घराशी धरलेला अबोला ती जाईपर्यंत सुटला नाही.

दुपारी ती शोधाच्या नोंदीचा कागद घेऊन घरी गेली. डॉक्टरांनी बाबांचे फार तर दोन महिने सांगितले होते. त्याआधी त्यांचं नाव नवताऱ्यांच्या यादीत लागायला हवं होतं. पहिल्या उद्रेकापुढे ते कसं येईल, हे तिनं वाचून दाखवलं.

बाबांनी कागद लांब धरून पुन्हा वाचला.

“छान झालं असतं,” ते म्हणाले. “पण धूळच होती ती.”

आज प्रमुखांची बाजू कशाला घेताय, म्हणून ती हसली.

“प्लेटची मागची बाजू न पुसताच नोंद केली होती मी. प्रमुखांशी भांडण झाल्यावर ओला कापूस फिरवला. ठिपका गेला.”

तिला त्यांचा भयंकर राग आला.

“आईला माहीत होतं?”

“ती माझ्यासाठी सगळ्यांशी भांडत होती. तिला कुठल्या तोंडानं सांगणार?”

“मग मला तरी कशाला सांगितलंत? थोडे दिवस गप्प बसला असतात, तर...”



“खाली तुझी सही आहे ना,” बाबा म्हणाले.

तिनं कागद मांडीवर घेतला आणि त्यांचं नाव खोडायला लागली. कागद मांडीवरून घसरत होता, म्हणून बाबांनी तो धरून ठेवला.